व्यवस्थापन शिक्षण : संशोधन व सल्लासेवा

व्यवसायसंस्थांचे नियोजन, संघटन, वित्तव्यवस्था, उत्पादन, विपणन व मनुष्यबळ यांविषयीचे शिक्षण देणाऱ्या संस्थेस व्यवस्थापन विद्यालय असे म्हणतात. अशा विद्यालयातील अध्यापकांकडून अध्यापनाखेरीज आणखी दोन कार्यांची अपेक्षा केली जाते : संशोधन आणि सल्लासेवा. व्यवसायव्यवहाराचे पद्धतशीर निरीक्षण करून त्यातून सर्वसामान्य निष्कर्ष काढणे व ते इतरांच्या परीक्षणासाठी प्रसिद्ध करणे, म्हणजे संशोधन. एखाद्या विशिष्ट संस्थेची विशिष्ट अडचण तिच्या विनंतीवरून तपासणे व ती दूर करण्याचा उपाय सुचविणे, म्हणजे सल्लासेवा. संशोधनाचा प्रश्न अभ्यासक ठरवितो आणि त्याचे उत्तर सर्वांसाठी खुले असते. सल्लासेवेतील प्रश्न ग्राहकसंस्था ठरविते व उत्तरही प्रथम तिच्याच मालकीचे असते. ही दोन्ही कार्ये अध्यापनास पूरक ठरतात असे सामान्यतः मानले जाते. तथापि ती आपोआप पूरक ठरत नाहीत. प्रत्यक्ष व्यवहारात मिळालेले ज्ञान वर्गापर्यंत आणण्याची जाणीवपूर्वक व्यवस्था असेल, तरच विद्यार्थ्यास त्याचा लाभ होतो. ही व्यवस्था कशी निर्माण झाली, ती कशी चालते व तिच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन पुढे केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विद्यापीठीय पातळीवरील व्यवसायशिक्षणाचा आरंभ अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॉर्टन विद्यालयाच्या स्थापनेने १८८१ मध्ये झाला. हार्व्हर्ड विद्यापीठाचे व्यवसाय विद्यालय १९०८ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील अध्यापकांपुढे एक मूलभूत अडचण उभी राहिली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास रुग्णालय उपलब्ध असते व कायद्याच्या विद्यार्थ्यास न्यायालयांचे छापील निर्णय मिळतात; व्यवसायाच्या विद्यार्थ्यासमोर ठेवण्याजोगी अशी सामग्रीच नव्हती. दुकानदारांच्या वह्या खाजगी होत्या आणि प्रत्येकाची हिशेब ठेवण्याची रीत निराळी होती. म्हणून १९११ मध्ये या विद्यालयाने व्यवसाय-संशोधन विभाग स्थापन केला. त्याची पहिली पाहणी पादत्राणांच्या किरकोळ विक्रीच्या दुकानांची होती. एका दुकानाचा खर्च दुसऱ्याशी ताडून पाहण्यासाठी आधी हिशेबाची पद्धत समान हवी, हे या पाहणीत लक्षात आले व त्यातून दुकानदारांसाठी एक प्रमाणित हिशेबपद्धती तयार करण्यात आली. दुकानदारांना तिचा उपयोग झाला, विद्यालयास तुलनायोग्य आकडेवारी मिळाली आणि अध्यापकांस शिकविण्याजोगा विषय मिळाला. संशोधन, सल्ला व अध्यापन यांचा परस्परसंबंध येथे प्रथमच स्पष्टपणे दिसून आला.

वॉलेस डॉनम हे १९१९ मध्ये या विद्यालयाचे प्रमुख झाले. ते स्वतः कायद्याचे पदवीधर होते. न्यायनिर्णयांच्या आधारे कायदा शिकविण्याची जी पद्धत लँगडेल यांनी हार्व्हर्डमध्येच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली होती, तिचा त्यांनी व्यवसायशिक्षणात अवलंब केला. प्रत्यक्ष संस्थेतील प्रसंगाचे तपशीलवार वर्णन विद्यार्थ्यांपुढे ठेवून निर्णय त्यांच्याकडून काढून घेणे, हे या पद्धतीचे सूत्र होय. या वर्णनास प्रकरण-अभ्यास म्हणतात. व्यवहारात ‘केस’ हाच शब्द रूढ आहे. मेल्व्हिन कोपलंड यांचे विपणनविषयक प्रकरणांचे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकरणे पुरविण्याचे काम सुरुवातीस संशोधन विभागाकडेच होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

शिकागोनजीकच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग हे याच परंपरेतील दुसरे महत्त्वाचे उदाहरण. प्रकाशाचे प्रमाण वाढविल्यास कामगारांचे उत्पादन वाढते काय, हा कारखान्याचा मूळ प्रश्न अगदी मर्यादित होता. एल्टन मेयो व फ्रिट्झ रोथलिसबर्गर हे हार्व्हर्डचे अध्यापक पुढे या कामात सहभागी झाले आणि कामगारांचे आपसांतील संबंध, पर्यवेक्षकांची वागणूक यांकडे चौकशीचा रोख वळला. या प्रयोगांच्या निष्कर्षांवर नंतर बरीच टीका झाली. तरीही मानवी संबंध हा विषय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात त्यांच्यामुळेच स्थिरावला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत व्यवसाय विद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली, पण त्यांच्या दर्जाविषयी शंका घेतली जाऊ लागली. फोर्ड प्रतिष्ठान व कार्नेगी निगम यांच्या वतीने तयार झालेले दोन अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनुभवकथनावर व वर्णनावर भिस्त ठेवणारे अध्यापन अपुरे असून त्यास गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र व वर्तनविज्ञाने यांचा पाया हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. परिणामी संशोधनास प्राधान्य मिळाले; परंतु कालांतराने लंबक दुसऱ्या टोकास गेला. वॉरेन बेनिस व जेम्स ओटूल यांनी २००५ मध्ये असा आक्षेप घेतला की, व्यवसाय विद्यालये स्वतःस भौतिकशास्त्राच्या विभागासारखी समजू लागली असून वैद्यक व कायदा यांप्रमाणे व्यवस्थापन ही एक पेशाविद्या आहे, याचे त्यांना विस्मरण झाले आहे. संशोधनाविना सल्ला उथळ ठरतो आणि व्यवहाराविना संशोधन कोरडे राहते, असा या दीर्घ वादाचा इत्यर्थ सांगता येईल.

भारतातील विकास : भारतात वाणिज्यशिक्षणाचा प्रारंभ जुना आहे, मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये स्थापन झाले. मात्र त्याचा भर हिशेबशास्त्र, बँकिंग व व्यापारी कायदा यांवर होता. स्वातंत्र्यानंतर औद्योगिक नियोजनाबरोबर व्यवस्थापकांची गरज भासू लागली. कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये सुरू झाल्या. पहिलीस मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या स्लोन विद्यालयाचे व दुसरीस हार्व्हर्डचे साहाय्य लाभले. मुंबईत राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १९६३ मध्ये व मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अध्ययन संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. यांपैकी पहिलीचे रूपांतर २०२३ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई यात झाले. नागपूर येथे अशीच संस्था २०१५ पासून कार्य करीत आहे.

परदेशी साहाय्याबरोबर परदेशी पाठ्यसामग्रीही आली. अमेरिकेतील मोटारकंपनीचे किंवा विभागीय भांडाराचे प्रकरण शिकताना विद्यार्थ्यास विश्लेषणाची शिस्त लाभे. परंतु परवाना पद्धती, संयुक्त कुटुंबाच्या मालकीची पेढी, अडत्याकडून मिळणारी उचल किंवा पावसावर अवलंबून असणारी मागणी यांचा त्यात मागमूस नसे. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग एकच होता : अध्यापकांनी स्वतः गिरण्यांत, बाजारांत व खेड्यांत जाऊन सामग्री गोळा करणे.

या दृष्टीने अहमदाबादची पार्श्वभूमी अनुकूल होती. अहमदाबाद वस्त्रोद्योग संशोधन संघ ही गिरण्यांनी चालविलेली संस्था विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये निघाली. तिच्या मानवी संबंध विभागाच्या प्रमुख कमला चौधरी यांनी पुढे व्यवस्थापन संस्थेच्या प्रारंभीच्या अध्यापकांत महत्त्वाचे स्थान मिळविले. याच शहरात लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी १९५३ पासून कॅलिको गिरणीस सल्ला दिला. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. प्रत्येक कामगारास एकेक सुटे काम नेमून देण्याऐवजी मागांचा एक संच एका लहान गटाकडे सोपविण्याची व्यवस्था सुचविण्यात आली आणि कामगारांनीच आपले गट पाडून ती अंमलात आणली. राइस यांचा या प्रयोगावरील ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. तंत्र व समाजरचना यांचा एकत्रित विचार करणाऱ्या सिद्धांताचे एक प्रमुख उदाहरण म्हणून हा प्रयोग जगभर शिकविला जातो. गिरणीच्या एका अडचणीवर दिलेला सल्ला पाठ्यविषय कसा होतो, हे त्यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रातील एक परंपरा : संशोधन, व्यवसायास मार्गदर्शन व अध्यापन यांचा संगम महाराष्ट्रात व्यवस्थापन विद्यालये निघण्यापूर्वीच घडून आला होता. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून व भारत सेवक समाजाच्या आश्रयाने स्थापन झाली. तिचे संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांनी ही जबाबदारी १९६६ पर्यंत सांभाळली. ही संस्था व्यवस्थापन विद्यालय नव्हे. परंतु तिचे प्रारंभीचे विषय पाहिले असता ते व्यवसायाच्या अभ्यासाचेच होते असे दिसते. पुण्यातील फळांचा बाजार, मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च व पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हे त्यांपैकी काही होत. प्रश्नावली हातात घेऊन घरोघरी, शेतोशेती व दुकानोदुकानी हिंडण्याचे शिक्षण या पाहण्यांनी अभ्यासकांच्या एका पिढीस दिले.

गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची गाडगीळ यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. याच प्रवरेच्या लाभक्षेत्रात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने भांडवलउभारणी, उसाचा भाव, सभासदांशी व्यवहार व यंत्रसामग्रीची खरेदी या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नव्हे, तर संचालक मंडळाच्या बैठकीत शोधावी, हे त्या काळी असाधारण होते. या अनुभवामुळे सहकाराविषयीचे त्यांचे लेखन नुसते तात्त्विक राहिले नाही. पुण्यातीलच वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेत प्रशिक्षण, संशोधन, सल्लासेवा व पदव्युत्तर शिक्षण ही कार्ये आज एकाच छताखाली चालतात.

अध्यापन समृद्ध होण्याची प्रक्रिया : संशोधनाचा अध्यापनास होणारा लाभ तीन प्रकारचा असतो. पहिला लाभ आशयाचा. पाठ्यपुस्तक तयार होऊन विद्यार्थ्याच्या हाती पडेपर्यंत काही वर्षे उलटलेली असतात. दरम्यान करपद्धती, तंत्र व बाजार बदलतात. संशोधन करणारा अध्यापक हे अंतर भरून काढतो. दुसरा लाभ पद्धतीचा. एखादे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, नमुना किती मोठा होता, उलट पुरावा कोणता, हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यास अशा अध्यापकाकडून लागते. तिसरा लाभ वृत्तीचा. उत्तर माहीत नाही हे मान्य करून ते शोधावयास निघणारा शिक्षक पाहणे, हेच एक शिक्षण होय.

दुसऱ्या लाभाचे उदाहरण म्हणून मुंबईच्या डबेवाल्यांचा उल्लेख करता येईल. घरचे जेवण कार्यालयात पोहोचविणाऱ्या या संघटनेच्या वितरणव्यवस्थेवर हार्व्हर्ड व्यवसाय विद्यालयाने २०१० मध्ये प्रकरण तयार केले आणि ते अनेक देशांत शिकविले जाते. डब्यावरील खुणा, रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधलेली शिस्त, लहान गटांची स्वायत्तता व सभासदांचे समान गावकरी नाते ही या व्यवस्थेची वैशिष्ट्ये होत. तथापि या संघटनेस ‘सिक्स सिग्मा’ हे गुणवत्तामानांकन एका अमेरिकन नियतकालिकाने दिले, असे विधान व्याख्यानांतून व पुस्तकांतून वर्षानुवर्षे केले गेले. ज्या पत्रकाराच्या १९९८ मधील लेखाचा हवाला त्यासाठी दिला जातो, त्याने आपण असे मानांकन दिले नव्हते व तो शब्दही वापरला नव्हता, असे नंतर स्पष्ट केले. डबेवाल्यांचे कौशल्य यामुळे कमी ठरत नाही. परंतु ऐकीव माहितीवर शिकविणारा अध्यापक व मुळाशी जाणारा अध्यापक यांतील फरक यावरून स्पष्ट होतो.

सल्लासेवेचा लाभ निराळा आहे. पुस्तकातील प्रश्न नीट मांडलेला असतो. संस्थेतील अडचण तशी नसते. विक्री घटली म्हणून जाहिरातीविषयी सल्ला मागितला जातो आणि चौकशीअंती मालाचा पुरवठाच वेळेवर होत नसल्याचे आढळते. आकडे अपुरे असतात, निर्णयास मुदत असते, भागीदारांत मतभेद असतात व सुचविलेल्या उपायाचा खर्च कोणास तरी सोसावा लागतो. प्रश्न ओळखणे हेच अर्धे काम असते, हा धडा सल्लागार अध्यापकच खात्रीने देऊ शकतो. शिवाय त्याच्या ओळखीमुळे विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून काम मिळते, व्यवसायातील व्यक्ती वर्गात येतात व अभ्यासक्रमाच्या उणिवा संस्थेस कळतात.

हे ज्ञान वर्गात येण्याचे काही ठराविक टप्पे आहेत. सल्लाकार्य पूर्ण झाल्यावर ग्राहकसंस्थेची लेखी संमती घेतली जाते. आवश्यक तेथे नावे बदलली जातात व आकड्यांस समान गुणकाने गुणून ते झाकले जातात, म्हणजे त्यांतील परस्परप्रमाण कायम राहते. नंतर प्रसंग निर्णयाच्या क्षणापर्यंत लिहून थांबविला जातो. प्रत्यक्षात काय घडले ते त्यात सांगितले जात नाही. अध्यापकासाठी स्वतंत्र टिपण तयार होते, त्यात उद्दिष्टे, चर्चेचे प्रश्न व संभाव्य विश्लेषण असते. एका वर्गात शिकवून पाहिल्यावर प्रकरणात दुरुस्ती केली जाते व मगच ते इतर विद्यालयांस दिले जाते. हे टप्पे गाळले गेले, तर सल्लाकार्य अध्यापकाच्या आठवणीत किंवा कपाटातील अहवालातच राहते.

ग्रामीण परिसरातील उपयोजन : मोठ्या शहरांतील विद्यालयांस कारखाने व कार्यालये जवळ असतात, जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या संस्थांना ही सोय नसते, असे समजले जाते. वस्तुतः तेथेही व्यवसायाचे प्रश्न विपुल आहेत. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे संचालकपद सोडल्यानंतर रवी मथाई यांनी १९७५ पासून राजस्थानातील जवाजा या अवर्षणग्रस्त भागात विणकर व चर्मकार यांच्यासमवेत केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. व्यवस्थापनाचे ज्ञान मोठ्या कंपनीबाहेर, अल्प साधनांच्या लोकांस उपयोगी पडेल काय, हा त्यामागील प्रश्न होता. आणंद येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने विद्यार्थ्यांच्या खेड्यातील वास्तव्यास अभ्यासक्रमाचाच भाग बनविले.

महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. परभणी जिल्ह्यातून १९९९ मध्ये वेगळा झालेला हा जिल्हा १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरामुळे अतिशय क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या आसपासच्या भागात सोयाबीन, कापूस व हळद ही नगदी पिके घेतली जातात. हळदीच्या व्यापारासाठी हिंगोली व वसमत येथील मोंढे प्रसिद्ध असून वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

अशा गावातील हळद उत्पादकापुढील प्रश्न व्यवस्थापनाच्या कोणत्याही पाठापेक्षा कमी गुंतागुंतीचा नसतो. पीक सु. आठ-नऊ महिन्यांचे असते. काढणीनंतर हळद शिजविणे, वाळविणे व पॉलिश करणे यांवर मजुरी व इंधन खर्ची पडते. नंतर कांडी व गट्टू वेगळे करून माल मोंढ्यात न्यावयाचा की साठवून ठेवावयाचा, हे ठरवावे लागते. समजा, आजचा भाव क्विंटलला १२,००० रु. आहे, पैशावरील व्याज द. सा. द. शे. १२ आहे, सहा महिन्यांचे गोदामभाडे क्विंटलला ६० रु. पडते आणि साठवणीत वजनात ३ टक्के घट येते. (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेले आहेत.) सहा महिन्यांचे व्याज ७२० रु. होते, म्हणजे एकूण गुंतवणूक १२,७८० रु. झाली आणि विकावयास फक्त ९७ किग्रॅ. माल उरला. सबब सहा महिन्यांनी भाव क्विंटलला सु. १३,१७५ रु. हून अधिक मिळाला, तरच साठवण लाभदायक ठरेल.

हे गणित कोणताही अध्यापक फळ्यावर मांडू शकेल. परंतु मोंढ्यात बीट होताना उभा राहिलेला व उत्पादकांशी बोललेला अध्यापक पुढील गोष्टीही वर्गापुढे ठेवील. जून महिन्यात खरिपाच्या बी-बियाण्यांस रोख पैसा लागतो, म्हणून भाव वाढण्याची खात्री असूनही माल विकावा लागतो. अडत्याकडून उचल घेतली असल्यास त्याच्याकडेच माल घालण्याचे बंधन असते. गोदामपावतीवर बँकेचे तारणकर्ज मिळू शकते, पण माल गोदामापर्यंत नेण्याचा खर्च लहान उत्पादकास परवडत नाही. वायदेबाजारातील हळदीचा भाव मोबाइलवर रोज दिसतो. मात्र त्या भावातील मालाची प्रत व आपल्या मालाची प्रत सारखी असतेच असे नाही. अशा वेळी उत्पादक कंपनी काढून एकत्रित साठवण केल्यास खर्च विभागला जाईल काय, सभासद माल देतीलच याची हमी कशी मिळवावी, हे प्रश्न उद्भवतात. येथे वित्त, विपणन, साठाव्यवस्थापन व संघटन हे चारही विषय एकाच प्रकरणात आले. हळदीच्याच शेतकऱ्याचा मुलगा वर्गात बसलेला असेल, तर चर्चेत त्याचा अनुभव अध्यापकाच्या माहितीत भर घालतो.

अशा परिसरातील ग्राहक मोठे शुल्क देऊ शकत नाहीत. तेव्हा कृषी विद्यापीठांच्या विस्तारकार्याचा आदर्श येथे उपयुक्त ठरतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) शिक्षण, संशोधन व विस्तार ही तिन्ही कार्ये विद्यापीठाची अंगभूत कर्तव्ये मानली गेली आहेत. वाणाची चाचणी प्रक्षेत्रावर होते, शिफारस शेतकऱ्यापर्यंत जाते आणि शेतकऱ्याची तक्रार पुन्हा संशोधकाकडे येते. व्यवस्थापनाच्या महाविद्यालयास बचत गट, कृषी सेवा केंद्र, दूधसंकलन केंद्र किंवा उत्पादक कंपनी यांच्याशी असेच नाते जोडता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प व कार्यानुभव यांस श्रेयांक देण्यात आले आहेत. त्यामुळे या कामास अभ्यासक्रमात स्थानही उपलब्ध झाले आहे. या प्रकारची प्रकरणे मराठीत लिहिली गेल्यास ती विद्यार्थ्यांप्रमाणे उत्पादकांसही वाचता येतील.

संस्थात्मक व्यवस्था : सल्लासेवेस किती वेळ द्यावा, याविषयी अनेक विद्यालयांत आठवड्यातून सुमारे एक दिवस असा संकेत आहे. मिळणारे शुल्क अध्यापक व संस्था यांत ठराविक प्रमाणात विभागले जाते व संस्थेच्या वाट्यातून ग्रंथालय, पाहणी इत्यादींचा खर्च भागविता येतो. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद महाविद्यालयांचे मूल्यमापन करताना संशोधन, सल्लासेवा व विस्तारकार्य विचारात घेते. २०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीतही संशोधन व व्यावसायिक कार्य यांस स्वतंत्र गुण आहेत. मात्र या मोजणीत प्रसिद्ध लेखांची संख्या व शुल्काची रक्कम येते. त्या कामातून किती नवी प्रकरणे वर्गात आली, याची नोंद सहसा होत नाही.

मर्यादा व आक्षेप : उत्तम संशोधक हा उत्तम शिक्षक असतोच, हे गृहीतक पुराव्याने सिद्ध झालेले नाही. जॉन हॅटी व हर्बर्ट मार्श यांनी १९९६ मध्ये उपलब्ध ५८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा विद्यापीठीय अध्यापकांचे संशोधन व अध्यापनाचा दर्जा यांतील सहसंबंध जवळजवळ शून्य (०.०६) आढळला. संशोधन अध्यापनास मारक नसते, तसेच ते आपोआप तारकही नसते, असा याचा अर्थ होतो. या दोहोंना जोडणारे दुवे निर्माण करणे हे संस्थेचे काम आहे, असेच यावरून म्हणावे लागते.

सल्लासेवेविषयी आणखी काही आक्षेप आहेत. अधिक मोबदल्याच्या कामासाठी तासिका बुडणे किंवा उत्तरपत्रिका रेंगाळणे, हा विद्यार्थ्यांवर थेट अन्याय होय. गोपनीयतेच्या अटीमुळे सर्वांत बोधप्रद अनुभवच सांगता येत नाही. ज्या संस्थेकडून शुल्क घेतले तिच्या चुकांविषयी अध्यापक वर्गात मौन पाळण्याचा संभव असतो. २००८ च्या जागतिक वित्तीय संकटानंतर अर्थशास्त्रज्ञांच्या अशा हितसंबंधांवर टीका झाली व अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेने २०१२ मध्ये आपल्या नियतकालिकांतील लेखकांसाठी हितसंबंध जाहीर करण्याचे नियम लागू केले. वर्गातील अध्यापनासही हेच तत्त्व लागू करता येईल. विद्यार्थ्यांना सल्लाकार्यावर बिनमोल श्रमिक म्हणून राबविणे हाही एक दोष आहे. काम त्यांच्या शिक्षणाचा भाग असेल, तर त्यास मार्गदर्शन, श्रेय व यथोचित मोबदला मिळावयास हवा. संशोधनाच्या बाबतीत, पदोन्नतीसाठी लेखांची संख्या वाढविण्याच्या ओढीतून निकृष्ट नियतकालिकांत निरुपयोगी लेख छापले जाण्याची प्रवृत्ती बळावते व अध्यापनाच्या तयारीचा वेळ त्यात खर्च होतो.

मूल्यमापन : एखाद्या विद्यालयात संशोधन व सल्लासेवा यांमुळे अध्यापन समृद्ध होते की नाही, हे काही साध्या खुणांवरून ओळखता येते. अभ्यासक्रमात त्या परिसरातील किती प्रकरणे आहेत. ती दरवर्षी बदलतात काय. विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करतात की केवळ उतरवून घेतात. सल्ला घेणारे व्यावसायिक वर्गात येऊन आपला निर्णय चुकल्याचे सांगण्यास तयार होतात काय. आणि पाहणीचे निष्कर्ष ज्यांच्याविषयी ती केली त्यांच्यापर्यंत परत जातात काय. पादत्राणांच्या दुकानांची हार्व्हर्डची पाहणी, अहमदाबादच्या गिरणीतील माग, प्रवरेच्या काठचा कारखाना व हळदीचा मोंढा यांत काळ व स्थळ यांचे मोठे अंतर आहे. परंतु सर्वत्र ज्ञानाचा क्रम एकच दिसतो. अध्यापक व्यवहाराकडे प्रश्न घेऊन गेला, तेथून अधिक चांगला प्रश्न घेऊन परतला व तो त्याने विद्यार्थ्यांपुढे ठेवला. हा परतीचा टप्पा ज्या संस्थेत नियमाने पूर्ण होतो, तेथे संशोधन व सल्लासेवा ही अध्यापनाची अंगे बनतात. जेथे तो होत नाही, तेथे ती अध्यापकाची केवळ वेगळी कामे राहतात.